डाळ, तेल आणि ठरलेली तारीख

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुणी गरजू घरांना दरमहा धान्य देणारी धान्य बँक चालवण्याची गोष्ट काढली, की समोरून पहिला प्रश्न बहुधा एकच येतो : सरकार फुकट तांदूळ देत असताना आणखी धान्य कुणाला आणि कशासाठी द्यायचे? हा प्रश्न विचारणारी माणसे चिक्कू नसतात. गल्लीच्या गणपतीची वर्गणी ती खळखळ न करता देतात, गावच्या यात्रेतल्या महाप्रसादाला तांदळाचे पोते पाठवतात आणि दारी आलेल्याला रिकाम्या हाताने परतवत नाहीत. त्यांची समजूत एवढीच, की पोटाचा प्रश्न रेशन दुकानाने मिटवला आहे. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्धी खरी असल्यामुळेच ती दूर करायला भावनेपेक्षा हिशेबाचा उपयोग अधिक होतो.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला साधारण १६७ ग्रॅम. अंत्योदय कुटुंबाला मिळून ३५ किलो मिळते. जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकार त्याचे पैसेही घेत नाही. कर्नाटकात त्यावर अन्नभाग्य योजनेची भर आहे. २०२३ मध्ये नव्या सरकारने माणशी पाच किलो जादा तांदूळ द्यायचे ठरवले, केंद्राने तांदूळ विकण्यास नकार दिला, तेव्हा किलोला ३४ रुपये धरून माणशी १७० रुपये खात्यावर जमा होऊ लागले, आणि फेब्रुवारी २०२५ पासून पैशाऐवजी प्रत्यक्ष तांदूळ आला. दहा किलो म्हणजे दिवसाला ३३३ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारमार्गदर्शनात दिवसाकाठी तृणधान्य २५० ग्रॅमच्या आसपास धरले आहे. तेव्हा तांदळापुरते बोलायचे तर सरकारने आपला वाटा उचलला आहे, काकणभर जास्तच उचलला आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे.

पण त्याच मार्गदर्शनात डाळी, अंडी, मांस मिळून दिवसाला ८५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम सांगितले आहे. ही ८५ ग्रॅमची बाजू सगळी डाळीनेच भरून काढायची म्हटली, तर चार माणसांच्या घराला महिन्याला दहा किलोंच्या वर डाळ लागेल आणि तेल सव्वातीन किलो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात महिन्याला दीड-दोन किलो तूरडाळ शिजली तरी पुष्कळ झाले. ती आमटी कशी असते, हे वेगळे सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. याला अस्वच्छ पाणी, आईचे आजारपण, लहान वयातली बाळंतपणे अशी इतरही कारणे असतात, परंतु ताटात भातच भात आहे, हे त्यांतले एक ठळक कारण आहे. घरात जास्तीचा झालेला रेशनचा तांदूळ बाहेर विकला जातो याबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. विकणे बेकायदेशीर आहे, हे खरेच. मात्र त्या पैशांतून घरात काय येते हेही त्यांनी पाहावे : तेलाची पिशवी, साबण, मुलाची वही. तांदूळ विकणारे घर खोटे बोलून गरीब झालेले नसते. त्याच्याकडे एक वस्तू जास्त असते आणि बाकीच्या चार कमी असतात.

सरकारलाही हे कळले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जादा पाच किलो तांदळाच्या जागी तूरडाळ, तेल, साखर आणि मीठ यांचे इंदिरा किट देण्यास मान्यता दिली आणि तांदूळ बाहेर विकला जाण्याचे कारण पुढे केले. निर्णय योग्य दिशेचा आहे. परंतु त्या किटातली डाळही गरजेच्या मानाने थोडीच असणार, आणि ती मिळणार कार्ड असलेल्यांना.

कार्ड नसलेली माणसे कोण, हा त्यापुढचा प्रश्न. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचे याचे राज्यवार आकडे अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेले आहेत. तेव्हा जी मुले जन्मलीही नव्हती, ती आज आठवी-नववीत आहेत. नव्या कार्डाचा अर्ज, सुनेचे नाव घालणे, मयताचे कमी करणे, पत्ता बदलणे या प्रत्येक गोष्टीला हेलपाटे लागतात आणि प्रत्येक हेलपाट्यात एका दिवसाची मजुरी बुडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात मोठ्या संख्येने बीपीएल कार्डे रद्द झाली किंवा एपीएलमध्ये गेली, आणि ओरड झाल्यावर पात्र कुटुंबांची कार्डे पूर्ववत करण्याचे आदेश निघाले. आदेश निघेपर्यंत त्या घरांत काय शिजले असेल, याची नोंद कुठल्याही खात्यात नाही.

निपाणीत विडी वळून वळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा यंत्र ओळखत नाही. त्यावर पर्याय नियमात असतो, दुकानात असतोच असे नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीड किंवा विजयपूरकडून आलेल्या टोळ्या चिकोडी, अथणी, रायबागच्या फडांत दिवाळीपासून होळीपर्यंत राहतात. एका राज्यातल्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य उचलण्याची सोय आज आहे, पण पहाटे कोयता घेऊन निघणाऱ्या आणि रात्री गाडी भरून झाल्यावर खोपीत परतणाऱ्या जोडप्याला दुकानाची वेळ गाठणे जमत नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून किराणा येतो आणि उचल वाढत जाते. खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवळी, कोंगळा यांसारख्या वस्त्यांची वाट पावसाळ्यात नाले फुगले की बंद होते. तिथे कार्डही असते आणि धान्याचा हक्कही असतो, फक्त ते दोन्ही नाल्याच्या दोन बाजूंना असतात.

एवढी गरज असूनही आपल्याकडे देणे कमी आहे, असे मात्र मला म्हणायचे नाही. सीमाभागाइतकी अन्नदानाची हौस फार थोड्या ठिकाणी असेल. अडचण आहे ती तारखेची. आपल्या देण्याचे पंचांग आणि भुकेचे पंचांग एकमेकांशी जुळत नाही. भाद्रपदात गल्लोगल्ली महाप्रसाद, आश्विनात नवरात्र, मग दिवाळीचे फराळवाटप, दत्तजयंती, महाशिवरात्र, वैशाखात आपली शिवजयंती आणि मधल्या काळात गावोगावच्या यात्रा. या दिवसांत एकाच संध्याकाळी जवळच्या तीन गल्ल्यांत पंगती बसतात आणि उरलेल्या भाताचे काय करायचे याची चिंता कार्यकर्त्यांना पडते. हात आखडतो तो ज्येष्ठ-आषाढात. पाऊस लागला की वीटभट्ट्या थंडावतात, बांधकामे अडतात, गवंड्याच्या हाताखालची माणसे घरी बसतात. त्याच महिन्यात शाळा उघडते आणि वह्या, गणवेश, छत्री यांचा खर्च समोर येतो. भातलावणीची मजुरी खानापूरकडे मिळते, पण ती ठरावीक आठवड्यांची. वडगाव, खासबाग, शहापूर भागात यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मंदी तर पाऊसही पाहत नाही; सूत महागले किंवा माल उठला नाही की माग थांबतो. अशा वेळी घरातली बाई पहिली कात्री डाळीला लावते, दुसरी दुधाला आणि तिसरी स्वतःच्या जेवणाला. तेव्हा आपल्या मंडळांच्या कढया माळ्यावर असतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याचे दुसरे टोक दिसले. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या सगळ्या एकदम फुगल्या, आणि बेळगाव जिल्ह्यात त्या वर्षी झालेले नुकसान राज्यात सर्वांत मोठे होते. मदतीला माणसे धावली, ट्रकामागून ट्रक आले. रस्त्यालगतच्या गावांत बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्यांचे ढीग लागले, आडबाजूला त्यातले थोडे पोहोचले, आणि सप्टेंबरात, म्हणजे पडलेली घरे सावरायची आणि बुडालेल्या उसाचे काय करायचे हा विचार सुरू झाला तेव्हा, ट्रक बंद झाले होते. संकटाच्या पहिल्या आठवड्यात सगळे देतात. सहाव्या आठवड्यात देणारा हवा असेल तर तो संकटाच्या आधीपासून दर महिन्याला देत आलेला असावा लागतो, कारण त्याच्याकडेच यादी, साठा, गाडी आणि रस्त्याची माहिती असते.

मराठी मनाला दामाजीपंत आवडतो. मंगळवेढ्याच्या त्या कारभाऱ्याने भीषण दुष्काळात बेदरच्या बादशहाची कोठारे लोकांसाठी खुली केली आणि विठोबाने विठू महार होऊन त्याचे देणे फेडले, ही कथा आपण कीर्तनांतून शतकानुशतके ऐकत आलो. कथा थोर आहे. परंतु तिच्यात दान एकदाच होते आणि हिशेब देव मिटवतो. आपल्याच शेजारच्या कुंभोजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी निवडलेला मार्ग याच्या अगदी उलटा होता. घरोघरच्या बायकांनी दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचे, ते गोळा व्हायचे, आणि त्यावर रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतली मुले जेवायची. त्या मुठीत कीर्तनाला विषय नाही. तिच्यामुळे कुणी एक बाई दानशूर म्हणून ओळखली गेली नाही. पण पुढच्या महिन्यात धान्य येईल की नाही, हा प्रश्न संस्थेला रोज पडला नाही, आणि पंगतीत बसलेल्या पोरालाही पडला नाही.

नेमाच्या देण्याचे नमुने शोधायला आपल्याला लांब जायची गरजही नाही. बसवण्णांच्या काळापासून लिंगायत परंपरेत कायकाच्या, म्हणजे श्रमाच्या, जोडीला दासोह, म्हणजे अन्नदान, आहे आणि मठामठांतून तो सणावारापुरता न राहता रोजचा चालतो. बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठाच्या प्रसादनिलयात, म्हणजे जेवणासह वसतिगृहात, राहून शिकलेली माणसे या शहरात पुष्कळ भेटतील. मुसलमान शेजाऱ्यांकडे रमजान ईदच्या नमाजाआधी फित्रा काढतात, त्यात घरातल्या माणशी द्यायचे माप ठरलेले असते. मन झाले तर द्या, असा मामला नसतो. भाषेवरून आणि धर्मावरून या भागात जेवढे बोलले जाते, त्याच्या दशांशाने जरी एकमेकांच्या देण्याच्या पद्धतींबद्दल बोलले गेले असते, तरी आज प्रत्येक तालुक्याच्या गावी एक चालती धान्य बँक उभी दिसली असती.

अशी बँक चालते कशी आणि तिला नेमाचे देणेच का लागते, हे थोडे तपशिलात सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांच्या डोळ्यांसमोर परदेशातले चित्र असते. अमेरिकेत पहिली फूड बँक १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल यांनी उभी केली, ती दुकानांतून टाकून दिल्या जाणाऱ्या, पण खाण्याजोग्या मालावर. मोठमोठी दुकाने, बंद पाकिटे, तारीख जवळ आलेला साठा, असा उरणारा माल हाच तिचा पाया. आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानात असे उरत काय? डाळ सुटी, तेल मोजून, दुकानदार स्वतःच चार पोत्यांवर महिना काढणारा. आपल्याकडे उरते ते मंगल कार्यालयात, शिजवलेले, आणि चार-सहा तासांत संपवावे लागणारे. ते अन्न वाया जाऊ नये म्हणून झटणारे तरुण गट देशभर आहेत. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी किंवा मुंबईचे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना सोबत घेऊन उभारलेली रोटी बँक ही त्यांतली परिचित नावे, आणि उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियमही केले आहेत. ते काम चांगलेच आहे. पण लग्नसराईत जिलेबी आणि आषाढात काहीच नाही, यावर घर चालत नाही. म्हणून कोरड्या शिध्याची बँक आपल्याकडे उभी राहील ती देणाऱ्यांच्या नेमावरच. तिच्यामागे दुसरा कुठला साठा नाही.

समजा एखाद्या मंडळाने चाळीस घरे धरली. घरटी दोन किलो तूरडाळ आणि एक लिटर तेल द्यायचे म्हटले, तर आजच्या भावाने चारशे-पाचशे रुपये होतात, म्हणजे महिन्याला सोळा ते वीस हजार. ही रक्कम महिन्याच्या एक तारखेला हातात येणार हे ठाऊक असेल, तर रविवार पेठेतल्या घाऊक दुकानदाराशी भाव ठरवता येतो, तो पोते घरपोच करतो, आणि किरकोळीपेक्षा चार पैसे वाचतात. तेच दाते आपापल्या सवडीने, आपापल्या आवडीची वस्तू घेऊन आले, तर मंडळाच्या खोलीत अकरा किलो पोहे, तीन प्रकारचा तांदूळ, कुणाच्या घरचा जुना गहू आणि डाळीच्या दोन पिशव्या जमतात. त्यात बेळगावचा पावसाळा. जुलैत भिंतींना ओल येते, तांदळात सोंडे होतात, रव्याला जाळी धरते, आणि दान म्हणून आलेली वस्तू फेकून देण्याचे पाप कार्यकर्त्यांच्या माथी येते. म्हणून जिथे ओळखीची, हिशेब दाखवणारी बँक आहे, तिथे वस्तूपेक्षा पैसे द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे, मग ते शंभर रुपये का असेनात, पण दरमहा आपोआप वळते होतील अशा रीतीने. मोबाइलवरून अशी कायमची सूचना देता येते. आपण सिनेमाच्या वर्गणीसाठी ती देतोच. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट : प्राप्तिकरातली देणगीवरची सवलत पैशाच्या देणगीलाच मिळते, धान्याला नाही; रोख देणगी दोन हजारांच्या वर गेली तर तिलाही मिळत नाही, आणि कराची नवी पद्धत स्वीकारलेल्यांना हा प्रश्नच उरलेला नाही. सवलतीसाठी देणारे तसेही थोडेच.

पगारदाराचा नेम महिन्याचा असतो, शेतकऱ्याचा तसा असू शकत नाही. उसाचे बिल कारखाना कधी देईल हे कारखान्यालाही ठाऊक नसते. पण खळ्यावर रास पडली की पहिले माप बाजूला काढायची चाल आपल्या गावांना नवी नाही. खानापूरकडचा शेतकरी सुगीनंतर भाताचे एक पोते, निपाणी-संकेश्वरकडचा भुईमुगाच्या शेंगा किंवा हरभरा, असे वर्षातून एकदा पण चुकल्याशिवाय देऊ लागला, तर बँकेच्या दृष्टीने तोही नियमितच. तिला किती येणार आणि कधी येणार एवढेच आधी कळायला हवे.

आता या सगळ्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप. अन्न हा हक्क आहे, तो पुरवणे सरकारचे काम आहे, आणि नागरिकांनी धान्य बँका चालवल्या की सरकार अंग काढून घेते. आक्षेप घेणारे बहुधा इंग्लंडकडे बोट दाखवतात, आणि ते उगाच नाही. तिथे ट्रसेल या संस्थेची पहिली फूड बँक २००० साली सॅलिसबरीत सुरू झाली. २०२३-२४ या एका वर्षात तिच्या जाळ्यातून ३१ लाख आपत्कालीन शिधापाकिटे वाटली गेली. श्रीमंत देशाने कल्याणकारी खर्चाला कात्री लावली आणि पोकळी दानाने भरली, असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे हे होणार नाही असे कुणी म्हणू नये. फरक एका गोष्टीने पडू शकतो, आणि तीही त्याच संस्थेकडून शिकण्यासारखी आहे : कोण आले यासोबत का आले याची नोंद तिथे होते आणि ती सरकारपुढे ठेवली जाते. आपल्या धान्य बँकेच्या वहीत नावापुढे एक रकाना कारणाचा असावा. कार्ड रद्द, अंगठा जुळत नाही, नवरा अंथरुणावर, अर्ज आठ महिने पडून. महिन्याच्या शेवटी ही वही तहसीलदार कचेरीत आणि अन्न व नागरी पुरवठा खात्याकडे अर्जाच्या रूपात गेली पाहिजे, आणि त्या अर्जावर शंभर दात्यांच्या सह्या असाव्यात. कार्ड नसलेल्या बाईला एकटीने गेल्यावर मिळणारे उत्तर आणि शंभर करदात्यांसह गेल्यावर मिळणारे उत्तर यांत फरक असतो. तो असू नये, पण असतो. डाळीचे पाकीट देऊन मोकळे होणाऱ्या बँकेवर वरचा आक्षेप पूर्ण लागू पडतो. कार्ड मिळवून देऊन आपल्या यादीतले नाव कमी करणाऱ्या बँकेवर तो लागू पडत नाही.

फुकट मिळाले की माणूस आळशी होतो, हा दुसरा आक्षेप. दोन किलो डाळीवर काम सोडून बसलेला माणूस मला दाखवावा, मग त्यावर बोलू.

सीमाभागात एक तिसरी गोष्ट आहे, जी मोठ्याने बोलली जात नाही. देताना आपला माणूस पाहण्याची सवय. मराठी मंडळाची मदत मराठी गल्लीत, कन्नड संघटनेची कन्नड वस्तीत, जमातीची जमातीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चालत आलेल्या वादात माझे मत ठाम आहे आणि ते मराठी माणसाचे आहे. शाळा, फलक, कागदपत्रे यांत मराठीचा हक्क डावलला जातो तेव्हा त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. परंतु धान्याच्या यादीत भाषा आणणे मला चुकीचे वाटते, आणि त्याचे कारण तत्त्वापेक्षा व्यवहाराचे आहे. वडगावात एकाच मागावर दिवसपाळीला मराठी आणि रात्रपाळीला कन्नड माणूस बसतो. माग थांबला की दोघांचा थांबतो. उसाच्या फडातल्या टोळीत सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे असतात. शिवाय, रेशनच्या कार्यालयातले कागद कन्नडमध्ये असतात, आणि मराठी घरांचे पुष्कळ अर्ज केवळ ते नीट भरले न गेल्यामुळे अडतात. कन्नड उत्तम लिहिणारा एक कार्यकर्ता मराठी बँकेत असेल, तर डाळीपेक्षा त्याचा उपयोग मोठा. यादी सगळ्यांची असेल तर असा कार्यकर्ता आपणहून येतो.

यादी करायची कुणी, यावर मंडळे मोडतात, हे अनुभवाने सांगतो. नगरसेवकाच्या हाती ती दिली की ती निवडणुकीची होते. घेणाऱ्याचा फोटो काढून गटावर टाकला की पुढच्या वेळी सर्वांत गरजू घर येत नाही; चाळीसजणांच्या रांगेत उभे राहून पाकीट घेण्यापेक्षा उपाशी झोपणारी घरे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. कुणाच्या घरी चूल पेटत नाही हे अंगणवाडी सेविकेला, आशा कार्यकर्तीला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना आधीच ठाऊक असते. सोमवारी दुपारच्या जेवणाला कोणते पोर दोनदा भात मागते, हे शाळेतल्या स्वयंपाकीण बाईंइतके अचूक कुणी सांगू शकत नाही, कारण त्या पोराचा रविवार कसा गेला ते तिला ताटावरून कळते. या चौघांच्या सांगण्यावरून नाव यावे, एकाने घरी जाऊन पाहावे, आणि पाकीट ओळखीच्या किराणा दुकानातून इतर गिऱ्हाइकांसारखे उचलता यावे. दुकानदाराकडे चिठ्ठी असते, पैसे बँक देते, शेजारीण पाहते ती फक्त पिशवी घेऊन घरी जाणारी बाई.

गणेशोत्सवाची बैठक दरवर्षी आषाढाच्या आसपास बसते. मूर्तीची उंची, मंडप, ध्वनिक्षेपक, महाप्रसादाची तारीख हे विषय तिथे असतातच. या वर्षी त्यात एक ठराव वाढवता येईल : महाप्रसादाच्या खर्चाचा दहावा भाग उत्सवात न वापरता बारा समान हप्त्यांत वाटायचा, आणि पहिला हप्ता गणपती येण्याची वाट न पाहता आषाढातच द्यायचा. महाप्रसादाला दोन लाख लागत असतील, तर वीस हजार निघतात, म्हणजे महिन्याला सोळाशेच्या वर. त्यात गल्लीतली चार घरे बसतात. ज्या गल्लीत चारच घरे गरजू असतील तिथे काम तेवढ्यावर भागेल. जिथे जास्त असतील, तिथे उरलेल्या घरांसाठी दरमहा शंभर रुपये देणारी माणसे त्याच बैठकीत समोर बसलेली असतात, आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकासोबत दुसरी वही फिरवायला फारसा वेळ लागत नाही.